आबांच्या मातीचा खेळ

"खेळानं आजवर कुणाचं वाईट झालेलं न्हाई!"

सुगराबाईंनी भर पालकसभेत टेबलावर हात आपटून हे सांगितलं. टेबल बालवाडीचं, म्हणजे जेमतेम गुडघ्याएवढं. त्यामुळे हात आपटायला त्यांना बरंच वाकावं लागलं, पण सांगण्यातला जोर काही कमी झाला नाही.

"पोरांना जे दिसतंय ते खेळू द्या. लगीन दिसलं, लगीन खेळू द्या. बाजार दिसला, बाजार खेळू द्या. त्यातनंच पोरगं शिकतंय. आपण मधी तोंड घालायचं न्हाई!"

गडमुडशिंगीच्या पालकांनी माना डोलावल्या. दुष्काळ नुकताच सरला होता, आणि आज पोरांच्या खाऊची सुकडी वाटणार की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ती वाटून झाल्याबरोबर सभा संपली.

सुगराबाई कोल्हापुरात राहून बालवाडीचं रीतसर शिक्षण घेऊन आल्या होत्या, आणि शिकून आलेल्या माणसाला जी खुमखुमी असते ती त्यांना भरपूर होती. बालवाडी भरायची हंबीररावांच्या घरामागच्या परड्यात, कडब्याच्या जुन्या खोलीत. खोली दिली होती हंबीररावांच्या वडिलांनी, आबांनी. आबांचे पाय वाऱ्यानं गेलेले. रोज सकाळी त्यांची बाज उचलून बालवाडीच्या दाराशी उन्हात ठेवायची, आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा घरात न्यायची. दिवसभर पोरं आबांच्या अंगाखांद्यावर. कुणी मिशी ओढायचं, कुणी त्यांच्या पालथ्या हातावर मातीच्या भाकरी थापायचं. आबांना त्याचा कधी कंटाळा आला नाही.

त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. डोळे मिटायच्या आधी लेक बघायची होती.

लेक तानाबाई, शाहूवाडीकडं दिलेली. हंबीररावांच्या थोरल्या पोराच्या लग्नात सगळ्या जावयांना मानाचे फेटे बांधले, आणि नेमका तानाबाईचा नवरा राहून गेला. मुद्दाम कुणी केलं नव्हतं. तो भला माणूस मांडवामागं पाण्याच्या पिपापाशी उभा राहून वाढप्यांना घागरी भरून देत होता, म्हणून कुणाला दिसलाच नाही! पण तानाबाईनं भर मांडवात आण घेतली.

"आता आबा मेल्यावरच ह्या उंबऱ्याला पाय लावीन!"

तेव्हापासून ती आली नव्हती. "पण म्या काय केलतं?" आबा म्हणायचे. "फेटं बांधाय मी उठलोबी न्हवतो." हंबीररावांना मात्र बोलवायला जाणं कमीपणाचं वाटत होतं. "गेली तशी यील," एवढंच ते म्हणत आणि शिरोलीच्या फौंड्रीत पाळीला निघून जात.

मग आबा रोज सुगराबाईंना विचारत, "बाई, तानी यील का वं?"

"यील की आबा," सुगराबाई म्हणत. ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांना कोल्हापुरात शिकवलेलं नव्हतं.

तो पौष होता. सकाळी दहा वाजेपर्यंत धुकं हटत नव्हतं आणि त्यात गुऱ्हाळांचा धूर मिसळून सगळं गाव कळकट दिसत होतं. त्या थंडीनं वरच्या आळीतला एक म्हातारा गेला. आयांच्या काखेला बसून पोरांनी ती मयत पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. दुसऱ्या दिवशी बालवाडी भरल्याबरोबर मालू पुढं आली. ही मालू म्हणजे चार वर्षांची चिमुरडी, पण आवाज सरपंचाचा.

"बाई, आज माती खेळायची."

माती म्हणजे कोणती, ते सुगराबाईंना लगेच कळलं. आमच्याकडं माणूस मेलं की लोक मातीला जातात. नको म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं. पण टेबलावर हात आपटून फार दिवस झाले नव्हते. त्या म्हणाल्या, "खेळा."

अडचण आली ती मयताची. एक पोर स्थिर पडेल तर शपथ! मीरासाबला आडवं केलं तर त्याला गुदगुल्या व्हायला लागल्या. दुसऱ्याला निजवलं तर तो डोळे मिटल्या मिटल्या म्हणाला, "सुकडी कवा देणार?" मालू तर वैतागली.

"अरं, मी हाय की!" बाजेवरनं आबा म्हणाले. "मला न्हाईतरी निजायचंच हाय."

पोरांनी टाळ्या पिटल्या. सुगराबाईंनी बाज ओढून आत घेतली. आबांच्याच धुवट धोतराचं पान त्यांच्यावर पांघरलं. गणपतीतला उरलेला गुलाल डब्यात होता, तो पोरांनी आबांच्या तोंडाला सढळ हातानं फासला. तोंडात तुळशीचं पान ठेवलं. आणि मग खरी भांडणं सुरू झाली.

"आता जाळायचं," मालू म्हणाली.

"न्हाई, पुरायचं!" मीरासाब म्हणाला. "माझ्या नानाला पुरलंय. मी माती टाकलीया."

"आमच्यात बसवून पुरत्यात," लिंगायताच्या शिवानं सांगितलं. "मांडी घालून."

"आमच्यात सगळ्यांनी पांढरं नेसायचं आन् बुद्धं सरणं म्हणायचं," रमी म्हणाली. तिच्या आजीला नेताना तिनं ते पाठ केलं होतं.

प्रकरण हातघाईवर आलं. सुगराबाईंना तर भरून आलं! चार घरच्या चार रीती एका खोलीत, आणि त्याही पोरांच्या तोंडून! असा धडा तर त्यांच्या शिकवणाऱ्या बाईंनाही जमला नसता.

"सगळं करा," आबा डोळे मिटूनच म्हणाले. "बसवा, पुरा, जाळा. पन आदी रडून घ्या. मला जरा डुलकी लागतीया."

आणि त्यांना खरंच झोप लागली. त्यात ऐकू कमीच यायचं. पोरं बाजेभोवती बसली आणि मालूनं आजीसारखा डोक्याला पदर घेतल्याचा हात करून सूर लावला, "आबा रंऽऽ! आमाला सोडून कुटं चाललास रंऽऽ!" मागनं सगळ्यांनी साथ धरली. पहिल्यांदा खोटं रडत होती, मग एकमेकांचं बघून खरीच रडायला लागली.

नेमकी ह्याच वेळी शेजारची चिमणाबाई शेणाची पाटी घेऊन परड्यातनं चालली होती. रडणं ऐकून ती दारात वाकली. बाजेवर पांढऱ्या धोतराखाली आबा, तोंडाला गुलाल, ओठांत तुळस, भोवती पोरं ऊर बडवतायत, आणि कडेला बाई पदरानं डोळे टिपतायत!

चिमणाबाईनं पाटी तिथंच टाकली आणि बोंब ठोकत पुढच्या आळीला पळाली. "आबा गेलं वंऽऽ! बालवाडीत गेलं! पोरांच्या म्होरं जीव गेला म्हाताऱ्याचा!"

आता कुणी म्हणेल, एकानं तरी जाऊन बघायचं होतं. पण मयत म्हटलं की गावात प्रत्येकाला आपापलं काम ठरलेलं असतं आणि जो तो तिकडंच धावतो. कुणी बांबूला गेलं, कुणी कापडाला, कुणी लाकडं बघायला. भावकीतल्या बायकांनी चुली पेटवून भाकरी थापायला घेतल्या, कारण मयताच्या घरात चूल पेटत नाही. हंबीररावांची बायको शालूबाई उसाच्या शेतात होती, तिला दोघींनी धरून आणली आणि पुढच्या सोप्यात बसवून चौघींनी मिळून रडायला सुरुवात केली. मागं जाऊन बघावं म्हटलं तर जाणत्या बायका म्हणाल्या, "लेक येऊस्तवर कुनी हात लावायचा न्हाई!"

आणि भावकीतला केरबा निघाला शाहूवाडीला, तानाबाईकडं सांगावा घेऊन. सांगावा पोचवण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत नव्हता. मयताचे डोळे झाकायच्या आत केरबा पावण्याच्या दारात! "अरं, तोंड तरी बघून जा आबांचं," कुणीतरी म्हणालं.

"तोंड बघत बसलो तर मलकापूरची एस.टी. चुकंल!" केरबा म्हणाला आणि गेलासुद्धा.

इकडं परड्यात सुगराबाईंच्या कानावर पुढच्या अंगणातलं रडणं आलं. त्या चपापल्या.

"पोरांनो, गप्प बसा. म्होरं खरंच कुनीतरी गेलंय वाटतं."

पोरं गप्प झाली. मालूनं कान देऊन ऐकलं आणि नाक मुरडलं. "त्यास्नी न्हाई जमत, बाई. आमचंच झ्याक हाय."

सुगराबाईंनी आबांना झोपू दिलं, पोरांना सुकडी वाटली, आणि जो कुणी गेला त्याच्यासाठी मनातल्या मनात दुवा मागितली. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

तासा-दोन तासानं हंबीरराव आले. फौंड्रीतनं तसेच उठून आले होते, तोंड कोळशानं काळं, त्यात आसवांचे पांढरे ओघळ. अंगणात न थांबता ते थेट परड्यात घुसले. त्यांच्यामागं अख्खी आळी. बाजेवर बाप बघितला आणि गडी उभ्याचा कोसळला. आबांच्या पायांवर डोकं आपटत त्यांनी असा टाहो फोडला की खोलीच्या पत्र्यावरच्या चिमण्या उडाल्या.

"आबाऽऽ! तानीला बोलावलं न्हाई मी! रोज इचारत हुता तुमी, आन् मी आडमुठ्यावानी गप बसलो! माझं चुकलं वं आबाऽऽ!"

सगळ्या गावानं ऐकलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. सुगराबाईंना काय चाललंय ते तेव्हा उमगलं आणि आबांना हलवून उठवायला त्या बाजेकडं धावल्या.

तेवढ्यात आबांनी तुळशीचं पान थुंकलं. "कोन गेलं रं, हंबीर?"

मग चिमणाबाई किंचाळून पळाली आणि तिच्यामागं निम्मी आळी पळाली. मीरासाब मात्र वैतागून म्हणाला, "आबा, उटू नका की! अजून पुरायचं ऱ्हायलंय!"

हंबीरराव उठले. आधी बापाकडं बघितलं, मग पोरांकडं, मग गुलालाच्या डब्याकडं, आणि मग सुगराबाईंकडं. लाजेची भरपाई माणूस रागानं करतो, तशी त्यांनीही केली.

"ह्यो खेळ शिकवताय व्हय तुमी? उद्याच्या उद्या खोली रिकामी करा!"

"खोली माझी हाय," आबा बाजेवरनं म्हणाले. "आन् मी अजून मेल्यालो न्हाई."

भाकऱ्यांची ही चळत सोप्यात येऊन पडली होती, ती सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ली. खाता खाता कुणाच्या तरी घशात घास अडकला. "अरं, केरबा कुटं हाय?"

केरबा एव्हाना शाहूवाडीत पोचून, उंबऱ्यात बसून, डोक्याला हात लावून रडत होता.

दिवस मावळता मावळता गावाच्या वेशीवरनं ट्रक आला आणि त्यातनं तानाबाईचा आवाज. हंबरडा कसला, काळीज कापत जाणारं काहीतरी होतं ते. "माझ्या आबा रंऽऽ! भेटलास न्हाई रंऽऽ!" सुगराबाई घरी गेल्या नव्हत्या. केलेलं निस्तरल्याशिवाय जायचं कसं, म्हणून अंगणात एका कडेला उभ्या होत्या.

तानाबाई धावत अंगणात आली आणि समोर सोप्यात बाजेवर बसून आबा ताक-भाकरी खात होते. ती उंबऱ्यापाशी खिळली. एक पाय उचललेला तसाच राहिला. आबांच्या हातातला घास तसाच राहिला. बाप लेकीला डोळे भरून बघत होता आणि लेक बापाला. मधे एवढासा उंबरा आणि भर मांडवात घेतलेली आण! तिनं पाय हळूच मागं घेतला.

"जाऊ नगंस," आबा म्हणाले. त्यांनी ताटली बाजूला सारली, आडवे झाले, अंगावरची वाकळ तोंडावर ओढून घेतली आणि आतनं म्हणाले, "मेलो बघ. ये आत."

कुणी हसलं नाही. तानाबाईनं उंबरा ओलांडला आणि बापाच्या छातीवर पडून जे काही रडली, ते रडणं वेशीवरच्याहून मोठं होतं. मधेच आबांचा हात वाकळेतनं बाहेर आला आणि तिच्या डोक्यावर फिरायला लागला.

"मेलायस न्हवं? मग गप पड की!" ती रडता रडता डाफरली.

सुगराबाई अंधारात घरी गेल्या. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, पण वाईटही वाटत नव्हतं.

मयताला आलेली लेक तिसरा दिवस झाल्याशिवाय कशी जाणार? तानाबाई तिसरा करून गेली. जाताना हंबीररावांनी फेट्याचा विषय काढावा, असं सगळ्यांना वाटलं. पण गावासमोर एकदा रडून झालेला माणूस दुसऱ्यांदा वाकायला तयार नव्हता. तानाबाईनंही तो काढला नाही. आण होती तशीच राहिली.

म्हणून मग महिन्याभरानं आबांनी सुगराबाईंना बाजेपाशी बोलावलं. "बाई, परत एकदा मातीचा खेळ ठेवा की. केरबाला मी सांगतो."

सुगराबाईंनी पुष्कळ आढेवेढे घेतले. मग आबांच्या डोळ्यांत बघितलं आणि गुलालाचा डबा काढला. पोरं मनापासून रडली, केरबा एस.टी.त बसला, शाहूवाडीत जाऊन त्यानं भैरोबाची आण घेऊन सांगावा दिला. तानाबाईला पहिल्या शब्दाला कळलं. पण ती आली. वेशीपासून खोटं रडत आणि खरं हसत आली, तिसरा करून गेली.

त्यानंतर आबा दर महिन्याला मरायला लागले! हंबीरराव कानाडोळा करू लागले. कोल्हापूरहून बालवाडी तपासायला बाई आल्या, त्यांनी पोरांना विचारलं, "तुम्हांला कोणता खेळ आवडतो?" सगळी एका सुरात ओरडली, "आबांची माती!" तपासणाऱ्या बाई बराच वेळ पेन हातात धरून बसल्या. सुगराबाईंनी त्यांना चहा दिला.

उन्हाळा उतरताना आबा गेले. पहाटे, झोपेत, कुणालाही न सांगता. ह्या खेपेला बालवाडी भरायचीच होती, पोरंही आली नव्हती.

केरबा पळाला. पण तो दुपारी एकटाच परत आला. त्याच्या हातात पोह्यांचं गठुडं होतं.

"यीना झालीया," तो अंगणात बसकण मारून म्हणाला. "हसतीया नुसती. म्हनली, ह्या खेपंला म्हातारा लवकर मेला, पेरणीची घाई हाय, उद्या येतो म्हनून सांग. मी भैरोबाची आण घेतली. तर म्हनती, भैरोबाची तू दर म्हयन्याला घेतोस. पोराच्या डोस्क्यावर हात ठेवून सांगितलं, तर म्हनली, आता पोराला तरी सोड. आन् हे पोहं दिलं. आबाला दुधातनं द्या म्हनली."

हंबीररावांनी दिवस मावळेपर्यंत वाट बघितली. दोनदा ते स्वतः उठून वेशीपर्यंत जाऊन आले. लोक म्हणाले, आता ठेवता येत नाही. मग नेलं. एकदा अग्नी दिल्यावर लेकाला घर सोडता येत नाही, त्यामुळे शाहूवाडीला जायचं त्यांचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुगराबाई परड्यात बालवाडीच्या दाराशी बसल्या होत्या. बालवाडी बंदच होती, पण घरी करमेना. वेशीकडनं आवाज आला.

"माझ्या आबा रंऽऽ! कितींदा मरशील रंऽऽ!"

मागं नवराही होता, ह्या खेपेला हौसेनं आलेला. पाणवठ्यावरच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या. कुणी पुढं होईना. एरवी ह्याच बायका तिच्या सुरात सूर मिळवून हसायच्या. तानाबाईला ते जाणवलं की नाही, कोण जाणे. ती परड्याच्या वाटेनंच आली, कारण आबा ह्या वेळी बालवाडीच्या दाराशी असत. बाज नव्हती. तिथं सुगराबाई होत्या.

सुगराबाई उठल्या. कुणीतरी सांगायलाच हवं होतं. त्यांनी तानाबाईचे दोन्ही हात धरले, आणि सांगायच्या आधीच त्यांचा बांध फुटला. लहान पोरासारख्या त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. "तानाबाई, आबा गेलं वं. खरंच गेलं. काल पहाटंला..."

तानाबाई त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली. मग मागं वळून नवऱ्याला म्हणाली, "बघितलासा? आता बाईबी शिकल्या!" आणि सुगराबाईंच्या पाठीवर थाप मारून, हसत हसत, ती घराकडं निघाली.